मुंबईचा कोड

राजाबाईला एका जागी बसायची सवय नव्हती आणि तिच्या वाट्याला आली ती नेमकी बसायची नोकरी.

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये टेकचंदसेठचा जीन्स शिवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याचं लांबट छप्पर, त्याखाली ओळीनं मांडलेल्या मशिनी आणि येताजाता पायात अडकणारे निळे धागे. त्या धाग्यांची टोकं कापायला राजाबाई तिथं लागली. पण चार पँटी कापून झाल्या की ती उठायचीच. पाणी प्यायला, दाराशी उभी राहायला, नाहीतर शेजारणीची कात्री बोथट झालीय का ते बघायला. सेठ वैतागायचा, पण तिला काढून टाकत नव्हता, कारण ती उठतबसत जेवढं काम उरकायची तेवढं बाकीच्यांना मांडी घालूनही जमत नव्हतं. नव्वद सालच्या सुमारास जिकडंतिकडं पिवळ्या पाट्यांचे एसटीडी फोन सुरू झाले, तेव्हा सेठनं कारखान्याच्या तोंडाशी, रस्त्याच्या अंगाला, एक काचेचं खोपटं उभं केलं. आणि राजाबाईला धाग्यांवरून उठवून त्या खोपट्यात नेऊन बसवलं.

तिलाच का, असं कारागिरांनी विचारलं तेव्हा सेठ म्हणाला, "आवाज सुनो ना इसका." ते खरं होतं. लाइन कितीही खरखरत असो, राजाबाई इथून बोलली की तिकडं सोलापुरात ऐकू जाई. मध्ये फोन नसता तरी गेलं असतं, असं मशिनीवरची माणसं म्हणत. दुसरं म्हणजे ती शाळेत फारशी गेली नसली तरी आकडे एकदा कानावर पडले की तिच्या डोक्यातून हलत नसत.

आता कोड म्हणजे काय ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. भिंतीवर गावांची पाटी होती आणि समोर गिऱ्हाइकं होती, त्यातून तिचं तीच शिकली. मुंबई शून्य दोन दोन. पुणे शून्य दोन एक दोन. सातारा शून्य दोन एक सहा दोन. गाव जेवढं मोठं तेवढा त्याचा कोड आखूड, हे तिच्या पहिल्याच आठवड्यात ध्यानात आलं आणि तिला त्याचा रागच आला. मुंबईवाल्याला तीन आकड्यांत दार उघडतं आणि खेड्यातल्या माणसानं पाच आकडे फिरवत बसायचं, हा कुठला न्याय, असं ती गिऱ्हाइकांना ऐकवायची. शून्य सातनं सुरू झालं की विदर्भ. शून्य दोन तीन म्हटलं की कोल्हापूर, सांगली. शून्य दोन पाच तीन नाशिक, शून्य दोन पाच सात जळगाव. सगळा महाराष्ट्र तिच्या बोटांवर आला होता. आला नव्हता तो एकच कोड, आपला स्वतःचा. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही सगळी एकाच कोडातली. इथल्या इथं बोलायचं तर तो लावावाच लागत नसे. शिवाय तो पाटीवरही नव्हता. आपल्याच दारावरची पाटी कोण वाचतं?

राजाबाई मूळची माणदेशातली. महिपतीशी लग्न होऊन ती बहात्तर साली बदलापूरला आली. महिपती अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होता. शांत माणूस. राजाबाई दहा वाक्यं बोलली की तो एक बोलायचा, आणि तेही "बरं" एवढंच. मांजर्लीत नदीच्या अंगाला त्यांची एक खोली होती, पुढं पडवी, मागं मोरी. एकच लेक, अंजना. तिच्यानंतर मूल झालं नाही आणि त्याचं राजाबाईनं फारसं वाईट वाटून घेतलं नाही. एवढ्या एका पोरीच्या काळजीनंच तिची पुरेवाट व्हायची. पोर शाळेतून यायला जरा उशीर झाला की ही पडवी सोडून रस्त्यावर, रस्ता सोडून पुलापर्यंत जायची.

तिकडं गावी गेलं की मात्र बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही नावं कोणी घेत नसे. इकडं राहणारा प्रत्येक माणूस मुंबईलाच असे. कर्जतचा माणूस मुंबईला, विरारचा मुंबईला, आणि महिपतीही मुंबईलाच. यात कोणाला फसवायचा हेतू नव्हता, तशी रीतच पडली होती. पण अंजनाच्या लग्नाचं बघायला लागल्यावर त्या रीतीला राजाबाईच्या मनात धार आली. पहिलं स्थळ फलटणकडचं होतं. मुलाच्या मामानं विचारलं, "म्हंजे नेमकं कुठं ऱ्हाता?" महिपतीनं सरळ सांगून टाकलं, बदलापूर. मामा म्हणाला, "हां, म्हंजे आमच्यासारखंच खेडं की." त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि पुन्हा काही कळवलं नाही. पोरीत काही खोट काढली असती तर राजाबाईनं सोसलं असतं. गावाचं नाव ऐकून माणसं उठून गेली हे तिला झोंबलं ते झोंबलंच.

दुसरं स्थळ आलं आटपाडीकडच्या एका खेड्यातलं. शेती, दुधाच्या म्हशी, मुलगा निर्व्यसनी. आणलं होतं बाळाजीनं. हा बाळाजी त्या लोकांचा भाऊबंद, अंबरनाथला महिपतीच्याच कारखान्यात कामाला. या वेळी राजाबाईनं महिपतीला तोंड उघडू दिलं नाही. "आम्ही मुंबईचे," ती म्हणाली. लग्न ठरलं, चौऱ्याण्णवच्या वैशाखात झालंही. पाठवणीच्या आदल्या दिवशी तिनं अंजनाला मोरीत नेऊन दार लावलं आणि दोन गोष्टी बजावल्या.

"तिथं बदलापूर म्हनायचं न्हाई. कुनीबी विचारलं तरी मुंबई. माझ्या अब्रूचा प्रश्न हाय."

"बरं," अंजना म्हणाली. बोलण्यात ती बापावर गेली होती.

"आनि दुसरं. निरोप बाळाजीकडं द्यायचा न्हाई. त्याच्याकडं दिलेला निरोप आधी तुझ्या सासूच्या कानावर जानार. काय हवं-नको, काय दुखलं-खुपलं, ते मला फोनवर सांग. मी दिवसभर फोनपाशीच असते. हा नंबर पाठ कर."

तिनं बूथचा नंबर लेकीकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतला. पुढून म्हणून घेतला, मध्येच थांबवून पुढचा आकडा विचारला. नंबर तेवढाच दिला, जेवढा खोपट्याच्या काचेवर रंगवला होता. त्याच्यापुढं आणखी काही लागतं हे सबंध महाराष्ट्राचे कोड तोंडपाठ असलेल्या या बाईच्या मनातही आलं नाही.

अंजनाच्या सासरी फोन नव्हता. फोन होता तालुक्याच्या गावी, आणि तिथं सासरची माणसं शनिवारच्या बाजाराला जात. म्हणजे लेकीचा फोन आला तर शनिवारी येणार, असा राजाबाईनं हिशोब बांधला. तिथून तिचे शनिवार नासले.

एरवी ती खोपट्यातून दर गिऱ्हाइकामागं बाहेर यायची, समोरच्या चहावाल्याशी भांडायची, शेअर रिक्षात माणसं कोंबणाऱ्या ड्रायव्हरला शिकवायची. शनिवारी मात्र तिला बाहेर पडवत नसे आणि आत बसवत नसे. दारात एक पाय, आत एक पाय, अशी ती दिवसभर लटकायची. फोन वाजला की गिऱ्हाइकाच्या अंगावरून हात घालून उचलायची. कोणी बाई लांबण लावून बोलत असली की ही काचेवर टकटक करायची.

"जरा आवरा की ताई. लाइन मोकळी लागते."

"पैसे देतेय ना मी?"

"पैसे द्या, पन उद्या बोला."

सेठच्या कानावर तक्रारी जाऊ लागल्या. "राजीबाई, धंदा करायला बसवलाय तुला, धंदा बंद करायला नाय," तो म्हणाला. मग तिनं लेकीचं सांगितलं. सेठला स्वतःला तीन मुली होत्या. पुढच्या शनिवारपासून तो स्वतःचे फोन करायला शेजारच्या दुकानात जाऊ लागला.

एक शनिवार गेला, चार गेले, आषाढ लागला. फोन आला नाही. सुखात असेल, म्हणून आठवण येत नसेल, असं महिपतीनं म्हणून पाहिलं. त्यावर राजाबाईनं त्याच्या ताटात भाकरी अशी टाकली की तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

पंचमीला अंजनाला आणायचं ठरलं होतं. महिपतीनं रजाही टाकली होती. पण त्या आठवड्यात उल्हास नदी चढली आणि मांजर्लीत पाणी शिरलं. भांडी माळ्यावर, गाद्या शेजाऱ्यांच्या गच्चीवर, आणि खोलीत गुडघाभर गाळ. असल्या घरात नव्या नवरीला आणायचं कुठं? पंचमी तशीच गेली. बाळाजीकडं निरोप दिला की सणाला जमत नाही, पुढं बघू. आणि पाणी पुरतं ओसरलंही नव्हतं तोवर, शनिवार म्हणून, राजाबाई साडी गुडघ्यावर खोचून त्या चिखलातून बाहेर पडली. रस्ताभर लोक तिला परत जा म्हणत होते. ती पोचली कॅम्प तीनला, कुलूप काढलं, फोन उचलून कानाला लावला. मेलेला. सगळ्या बाजारपेठेच्याच लाइनी बंद होत्या. ती तिथंच स्टुलावर बसली आणि मोठ्यानं रडली. आज लेकीनं फोन केला असेल आणि आपण तो ऐकला नाही, असंच तिनं धरून ठेवलं. पुढं कित्येक दिवस ती त्या एका शनिवारावरच चिडून होती.

दिवाळसणाला लेक-जावई येतील अशी आशा होती. तर अंजनाची आजेसासू वारली आणि त्या घरात सणच राहिला नाही. ही बातमी बाळाजीनंच आणली. बाळाजी गावाला जाऊन आला की राजाबाई त्याला कारखान्याच्या गेटावर गाठायची.

"पोरगी बरी हाय न्हवं?"

"बरी हाय की. चांगली भरलीय अंगानं."

"काय बोलली?"

"आता ती माझ्याशी काय बोलनार? तिच्या सासूनं, सखूवयनींनी सांगितलंय, या म्हनावं लवकर. वाट बघतोय."

या म्हणावं लवकर! ते कोण म्हणत नाही? राजाबाईनं तो निरोप रीतीचा म्हणून ऐकला आणि सोडून दिला. अंगानं भरलीय म्हणजे खायला मिळतंय, एवढं समाधान मात्र गाठीला बांधलं. जाऊन यावं असं तिला रोज वाटे. पण सांगावा नसताना, कारण नसताना लेकीच्या दारात जाऊन उभं राहायचं म्हणजे सासरच्यांना वाटणार, आल्या झडती घ्यायला. पोरीलाच पुढं त्याचे टोमणे. शिवाय मुंबईची माणसं, रिकाम्या हातानं जाता येत नाही. असं करत मार्गशीर्ष गेला, पौष गेला. राजाबाई वाळली. रात्री तिला झोप येईना आणि दिवसा तिच्यापुढं कोणी टिकेना.

मग तिच्या मनात एक वाईट शंका शिरली. पोरगी रागावली असेल. तिला पुढं शिकायचं होतं, आपणच घाई केली. म्हणून ती मुद्दाम फोन करत नाही. ही शंका एकदा आत आली ती जायलाच तयार होईना. शनिवारी फोनपाशी बसून ती मनातल्या मनात लेकीशी भांडायची, मग तिची समजूत काढायची, मग पुन्हा भांडायची. समोरचा फोन तिला दुसऱ्यांचीच माणसं जोडून देत होता. कोणाला नातू झाला, कोणाची बदली झाली, कोणाचा माल सुटला. राजाबाई सगळ्यांचं ऐकत होती.

माघात एक दिवस टेकचंदसेठकडं विट्याचा एक कापडवाला आला. जीन्सचा घाऊक माल उचलणारा माणूस, पहिल्यांदाच येत होता, आणि आला तो तणतणतच.

"काय शेठ, दुकान चालवताय का लपंडाव? आठ दिस झालं फोन लावतोय तुम्हाला!"

"हमारा फोन तो चालू है साब. पूछो राजीबाईको."

"चालू कुठला? तिकडनं बाई सांगती, असा नंबरच न्हाई म्हनून. शेवटी गाडीला बसून आलो. मालाची गरज माझी!"

"कोड क्या लगाया?"

"मुंबईचा! शून्य दोन दोन. तुमीच न्हाई का इट्याला आला तवा म्हनला, मुंबईची पार्टी हाय म्हनून?"

सेठ हसायला लागला. त्यानं त्या माणसाच्या पाठीवर थाप मारली, खुर्ची दिली, चहा सांगितला. "अरे साब, बोलनेको मुंबई है. बाहेरगावी आमी पण मुंबईच बोलतो. पण टेलिफोनवाला थोडीच मानतो? यहाँ का कोड अलग है. शून्य दोन पाँच एक. कल्याणसे बदलापूर तक सबका वही."

कापडवालाही हसला. सगळा कारखाना हसला. राजाबाई तेवढी हसली नाही. तिच्या हातातली सुट्टी नाणी टेबलावर सांडली आणि ती उचलायचं तिला सुचलं नाही.

तिच्या डोळ्यांपुढं ते तालुक्याचं गाव आलं. बाजार, त्यातलं असलंच काचेचं खोपटं, आणि खोपट्यातला माणूस विचारतोय, कुठं लावायचा? आणि तिची गुणाची, शब्द पाळणारी लेक सांगतेय, मुंबई.

समोरचं गिऱ्हाइक बोलत होतं. राजाबाईनं त्याच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. तो ओरडला, तिनं लक्ष दिलं नाही. तिनं मुंबईचा कोड फिरवला आणि पुढं आपला नंबर, जो तिनं मोरीत लेकीकडून घोकून घेतला होता. थोडी खरखर झाली. मग एक बाई शांत, गोड आवाजात बोलली. आपण फिरवलेला क्रमांक अस्तित्वात नाही. राजाबाईनं फोन ठेवला आणि पुन्हा फिरवला. तीच बाई, तोच आवाज. तिसऱ्यांदाही तिनं ते ऐकलं. आपल्या लेकीनं किती शनिवार हे ऐकलं असेल, असं तिच्या मनात आलं.

"सेठ, मी चालले," ती म्हणाली.

"कुठं?"

"लेकीकडं."

सेठनं गल्ल्यात हात घालून जेवढ्या नोटा आल्या तेवढ्या तिच्या मुठीत कोंबल्या. ती घरी गेली नाही, लुगडं बदललं नाही. महिपतीला निरोप शेजारणीच्या मुलीकडं पाठवला आणि कल्याणच्या डेपोवरून सांगलीकडची एसटी पकडली. तिच्या हातात बूथवरची पाण्याची बाटली होती, दुसरं काही नाही. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं, हे तिला पुण्याच्या पुढं गेल्यावर आठवलं. त्याचं तिला काही वाटलं नाही.

गाडीत तिनं बसायच्या जागेवर बूड टेकवलं नाही म्हटलं तरी चालेल. सारखी उठून पुढं जायची, ड्रायव्हरच्या मागं उभी राहायची, कंडक्टरनं हाकललं की परत यायची. काय काय बोलायचं ते तिनं जुळवून ठेवलं होतं. तू फोन करत होतीस ना? करत असणारच. लागत नव्हता, कारण माझं चुकलं. आता घरी चल, चार दिवस राहा. पोरगी हसेल, असंही तिला मधूनच वाटून जाई.

पोचली तेव्हा दुसऱ्या दिवशीचं ऊन चांगलं वर आलं होतं. अंगणात अंजनाची सासू सखूबाई शेणी थापत होती. तिनं मान वर करून पाहिलं, हात धुतले, पदर सारखा केला. आत जाऊन तांब्या-भांडं घेऊन आली आणि ओट्यावर ठेवलं.

राजाबाईचा घसा कोरडा पडला होता. पण त्यांच्याकडची रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. तिनं आपली बाटली दाखवली.

"ऱ्हाऊ द्या, विहीनबाई. हाय माझ्याजवळ."

"घ्या की," सखूबाई म्हणाली. "आता चालतंय तुमास्नी."

राजाबाईनं बाटली खाली ठेवली.

"पाच दिस झालं. पोरगा हाय. बाळाजीकडं सांगावा धाडलाय, पर तो पोचायच्या आधी तुमीच आलासा." सखूबाईचा आवाज कोरडा होता. "सातव्यात न्यायला येनार म्हनून वाट बघितली. आठव्यात बघितली. पैलं बाळातपन माहेराला असतंय, आमी काय नको म्हनलं हुतं व्हय? तुमची लेक दर बाजारी फोन करून यायची आन सांगायची, आई येते म्हनली, आई येते म्हनली. कवाच्या येताय मुंबईवाल्या!"

राजाबाई उठली आणि तशीच आत गेली.

आतल्या खोलीत अंधार होता. बाजेवर अंजना पडली होती, कानाला फडकं बांधलेलं, तोंड उतरलेलं. कुशीत एवढंसं गाठोडं. तिनं आईला ओळखलं, पण उठली नाही. डोळ्यांत आनंद आला नाही, रागही आला नाही.

"आलीस?" ती म्हणाली.

"अंजे, मला ठाऊक न्हवतं गं. तू पोटुशी हायेस हेच ठाऊक न्हवतं मला."

"कसं असेल? खोटा नंबर दिला होतास."

"खोटा न्हवता!"

"असा नंबरच नाही म्हणायची ती बाई. प्रत्येक वेळी. नणंद शेजारी उभी असायची. तिच्यासमोर काय करणार? मी आपली नुसतीच बोलायची, हो आई, बरी आहे आई. आणि घरी येऊन सांगायची, आई येतेय."

राजाबाईला ते दिसलं. पोर बोलतेय, आणि पलीकडं कोणी नाही. तिचं जुळवून ठेवलेलं सगळं बोलणं पुसून गेलं. सखूबाई दारात येऊन उभी होती, तिच्यामागं नणंदही आली होती, पण आता राजाबाईला लपवायचं काही उरलं नव्हतं. ती त्यांच्या देखतच मोठ्यानं बोलली, तिला दुसरं बोलताच येत नव्हतं.

"नंबर खरा हुता. त्याच्या म्होरं मुंबईचा कोड लावला म्हनून लागला न्हाई. आमी मुंबईचं न्हवं. बदलापूरचं. तिथला कोड निराळा हाय, आन तो मी पोरीला सांगितलाच न्हाई. मीच तिला बजावलं हुतं, सासरी मुंबई म्हन म्हनून. तिचा काय दोष न्हाई. आता कळलं तुमास्नी, काय बोलायचं ते मला बोला."

सखूबाई उंबरा ओलांडून आत आली.

"बदलापूर ते आमाला लगनाच्या आदीच ठावं हुतं," ती म्हणाली. "बाळाजी काय मुका हाय? पोरगी करायची आन गाव इचारायचं न्हाई, असं हुतंय का कुटं? तुमी मुंबई म्हनला, आमी म्हनलं, म्हनू द्यात. बाईला तेवढीच हौस."

ती हे टोचून बोलली नाही. साधं सांगितलं, आणि नणंदेला चुलीकडं पाठवून स्वतः बाहेर गेली.

राजाबाई बाजेपाशी खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला उठून कुठं जावंसं वाटलं नाही. बाळानं हात हलवला. तिनं बोट पुढं केलं, पण लावायचा धीर झाला नाही.

"एवढ्यासाठी, आई?" अंजना म्हणाली.

राजाबाई रडत होती.

अंजनानं छपराकडं पाहिलं. तिचा आवाज बापासारखाच शांत होता.

"मला दोन दिवस कळा येत होत्या. सासूबाई म्हणाल्या, माणूस पाठवते तालुक्याला, तुझ्या आईला फोन करायला. मी नको म्हटलं. म्हटलं, लांब आहे मुंबई, ती काही यायची नाही."